माया ढोल तीन दिवसांत शिकता येतो का?

प्रश्न असा आला आहे: "मी पुण्यात ढोल-ताशा पथकात सहा वर्षं ढोल वाजवतो. कर्जतजवळ तीन दिवसांचं निवासी शिबिर आहे, 'माया शामनी ढोल आणि आध्यात्मिक दीक्षा'. शेवटी प्रमाणपत्र मिळणार आणि प्रत्येकाचा 'माया जन्मदिवस' काढून देणार. फी अठरा हजार. जावं का? आणि खरंच शिकायचं असेल तर सुरुवात कुठून करावी?"

आधी सरळ उत्तर देतो. हवापालट म्हणून जायचं तर जा, जेवणही बहुधा चांगलं असेल. पण माया परंपरा, म्हणजे मेक्सिको-ग्वातेमाला भागातल्या मूळच्या माया लोकांची परंपरा, शिकायला म्हणून जाऊ नका. ती तीन दिवसांत शिकवता येत नाही, आणि प्रमाणपत्र देणं हा प्रकार तर त्या परंपरेत कुठंच बसत नाही.

कुणाच्या तोंडून हे ऐकताय तेही सांगायला हवं. आमचं घर पखवाजाचं. वडील गावच्या भजनात वाजवायचे, मी पुढं तालवाद्यांवरच पोट भरलं. ग्वातेमालाला पहिल्यांदा गेलो तो एका नृत्यसंस्थेच्या साथीला, आणि मग जातच राहिलो. सात हिवाळे तिथं काढले, बहुतेक राबिनाल आणि आसपास. मला तिथली दीक्षा नाही. त्यामुळे खाली जे सांगतोय ते वाद्याच्या बाजूनं, आणि दाराशी बसून जे दिसलं-ऐकलं त्यातून.

तुम्ही पाठवलेल्या जाहिरातीतलं वाद्य बघा. पिसं बांधलेला, एका हातात धरून गादीच्या काठीनं वाजवायचा गोल चामड्याचा डफ. तो सायबेरियातल्या आणि उत्तर अमेरिकेतल्या वाद्यांचा भाऊबंद आहे. एकसुरी, भरभर ठोके देत ऐकणाऱ्याला तंद्रीत न्यायचं हे तंत्रही आज ज्या स्वरूपात विकलं जातं ते अमेरिकेतल्या गेल्या चाळीस-पन्नास वर्षांच्या कार्यशाळांतून आलंय. ते वाईट आहे असं मी म्हणत नाही, कित्येकांना त्यानं बरं वाटतं. पण त्याला माया म्हणणं म्हणजे हलगीला मृदंग म्हणण्यासारखं आहे.

मग माया लोकांचा ढोल कोणता? मेक्सिकोच्या चियापास राज्यात, जंगलात, बोनाम्पाक नावाचं ठिकाण आहे. तिथल्या एका इमारतीच्या तीन खोल्या इसवी सन ७९० च्या सुमारास आतून पूर्ण रंगवलेल्या आहेत. पहिल्या खोलीत वाजंत्र्यांची रांग आहे. एकजण उभा, उंच, एका तोंडाचा ढोल नुसत्या हातांनी वाजवतोय. काहींच्या हातात कासवाची पाठ, ती हरणाच्या शिंगानं वाजवायची. बाकीचे खुळखुळे हलवतायत, लांब कर्णे फुंकतायत. त्या उभ्या ढोलाला पाश म्हणतात. माया सौरवर्षात वीस-वीस दिवसांचे अठरा महिने आणि वर पाच दिवस. त्यातल्या सोळाव्या महिन्याचं नावच पाश, आणि त्याच्या चिन्हात ढोल आहे. पुढच्या महिन्याच्या चिन्हात कासव. मेक्सिकोच्या किंताना रो भागातले माया आज देवळात व्हायोलिन आणि ढोल लावून जे संगीत वाजवतात त्याला मायापाश म्हणतात, म्हणजे शब्द अजून चालता-बोलता आहे. लाकांदोन लोकांकडे मातीचा ढोल असे, त्याच्या अंगावर कायुम या गाण्याच्या देवाचा चेहरा.

पण ज्याच्यासाठी मी परत परत गेलो ते वाद्य वेगळं. त्याचं नाव तुन. मेक्सिकोच्या युकातान भागात त्याला तुनकुल म्हणतात. (मायांच्या जुन्या 'लांब कालगणने'तही ३६० दिवसांच्या मापाला 'तुन' म्हणतात. तो शब्द शिळेवरून आलेला, वेगळा. 'तुन म्हणजे काळ आणि ढोलही, म्हणून ढोल म्हणजे काळ' असं कुणी गूढ चेहऱ्यानं सांगू लागलं तर चहा घेऊन उठावं.) तुन म्हणजे एकच ओंडका, आतून कोरून पोकळ केलेला. वरच्या अंगाला आडव्या एच अक्षरासारखी फट पाडतात, त्यामुळे समोरासमोर दोन जिभा तयार होतात. एक थोडी लांब किंवा पातळ, तिचा सूर खाली, दुसरीचा वर. चामडं नाही, शाई नाही, वादी नाही, गठ्ठे नाहीत. एकदा कोरला की तो त्याच्या सुरात जन्मभर बोलणार. वाजवायच्या काठ्यांना टोकाशी रबर गुंडाळलेलं, आणि रबराचं झाड त्याच भागातलं.

सोळाव्या शतकात युकातानमध्ये दिएगो दे लांदा नावाचा फ्रान्सिस्कन पाद्री होता. पोकळ लाकडाचा ढोल, काठीच्या टोकाला झाडाचा चीक, आवाज जड आणि दुःखी, असं त्यानं लिहून ठेवलंय. आवाजाचं वर्णन अगदी बरोबर आहे. याच माणसानं १२ जुलै १५६२ ला मानी गावात माया पोथ्या आणि मूर्ती जाळल्या. आज आपल्याला तिथल्या जुन्या वाद्यांची जी लेखी माहिती आहे तिचा मोठा भाग अशाच हातांनी लिहिलेला आहे, हे वाचताना विसरू नये.

त्या स्पॅनिश कागदांत एक शब्द येतो आणि तुमच्या प्रश्नाचं निम्मं उत्तर त्यात आहे: होल्पोप. युकातानच्या गावात जो माणूस गाण्याची पट्टी लावून द्यायचा, शिकवायचा, आणि ज्याच्या ताब्यात तुनकुल, बासऱ्या, कासवाच्या पाठी असायच्या तो होल्पोप. शब्दशः अर्थ 'चटईचं डोकं'. चटई म्हणजे गावाची बैठक. जिथं गावाचे निवाडे व्हायचे त्याच घरात नाच आणि वादन शिकवलं जायचं. म्हणजे ढोलाचा गुरू हा वेगळा गुरू नव्हताच. गावाचा भार ज्याच्यावर, ढोल त्याच्याकडे.

भार हा शब्द मी अलंकार म्हणून वापरत नाही. ग्वातेमालाच्या डोंगरातले माया लोक आजही कपाळाला पट्टा लावून पाठीवर ओझं वाहतात. त्यांच्यातल्या किचे लोकांच्या भाषेत पातान म्हणजे ते ओझं, आणि गावासाठी केलेली सेवाही पातानच. स्पॅनिशमध्ये गावच्या मानाच्या पदाला तिथं कार्गो म्हणतात, त्याचाही अर्थ ओझं. कोपान आणि किरिग्वा या जुन्या माया नगरांच्या शिळांवर दिवस, महिने, वर्षं हे देव म्हणून कोरलेत आणि त्यातले काही देव कपाळपट्ट्यानं काळाचं गाठोडं पाठीवर वाहतायत. किचे गणनेत प्रत्येक वर्षाला एक वाहक असतो. केह, ए, नोह आणि ईक असे चौघं आळीपाळीनं येतात. जुना वाहक ओझं उतरवतो, नवा उचलतो.

आता सिनाकान्तानला या. चियापासमधलं हे त्सोत्सिल माया गाव. तिथं तेन्तेन नावाचा एक छोटा तुन आहे, त्याला लोक देवासारखं मानतात. जानेवारीत सान सेबास्तियानच्या सणाआधी त्याला पवित्र झाडपाल्याच्या पाण्यानं स्नान घालतात, नव्या रिबिनी बांधतात. मग एकजण त्याला कपाळपट्ट्यानं पाठीवर घेऊन चालतो आणि दुसरा मागून वाजवतो. वाजवणाऱ्याचे हात मोकळे, ओझं दुसऱ्याच्या पाठीवर. यात 'वादक' नेमका कोण, हे तुम्हीच सांगा. मला या प्रश्नाचं उत्तर शोधायला बरीच वर्षं गेली.

आध्यात्मिक शिकवण म्हणाल तर ती ढोलात नाही, दिवसांत आहे. ती देणाऱ्या माणसाला आहकीह म्हणतात. कीह म्हणजे दिवस आणि सूर्यही. आहकीह म्हणजे दिवसांचा माणूस. त्याच्यावरच्या, कुळाची जबाबदारी घेतलेल्या वडीलधाऱ्याला चुचकहाव म्हणतात. चुच म्हणजे आई, कहाव म्हणजे आपला बाप. आपण मायबाप म्हणतो तसंच, आणि बाई असो की पुरुष, शब्द तोच.

आहकीह ज्या पंचांगावर चालतो त्याला चोलकीह म्हणतात: वीस दिवसनावं आणि एक ते तेरा आकडे, मिळून २६० दिवसांचा फेरा. नऊ महिने, बाईच्या गर्भारपणाइतके, असं तिथल्या बायका आपणहून सांगतात. प्रत्येक दिवसाचा स्वभाव असतो, त्याला नमस्कार करायचा असतो, त्याच्याशी बोलायचं असतं. कुणीही उठून आहकीह होत नाही. जन्माचा दिवस तसा लागतो, बहुतेकदा आधी आजार येतो, स्वप्नं पडतात. मग एखादा जुना आहकीह दिवस मोजून सांगतो की हे बोलावणं आहे. शिकवणी म्हणजे ठरलेल्या दिवशी ठरलेल्या डोंगरावर, झऱ्यावर, वेदीवर जाणं, दिवस म्हणणं, आणि अंगातलं रक्त काय बोलतं ते ओळखायला शिकणं. विजेसारखी शिरशिरी कुठं उठली, डावीकडे की उजवीकडे, आत की बाहेर, यावरून ते उत्तर वाचतात. सोबत त्सितेच्या बियांची पिशवी असते. लाल, कडक बिया. त्सिते म्हणजे आपल्या पांगाऱ्याच्याच कुळातलं झाड. मी कोकणातून मूठभर पांगाऱ्याच्या बिया नेल्या होत्या. तिथल्या एका आहकीह बाईंनी त्या हातात घेऊन हलवल्या, वास घेतला आणि म्हणाल्या, ही लांबच्या नात्यातली आहे.

दीक्षेचा मोठा दिवस म्हणजे वाह्शाकिब बात्स, आठ बात्स. तोतोनिकापान जिल्ह्यातल्या मोमोस्तेनांगो गावात त्या दिवशी नवे आहकीह उभे राहतात. विस्तवाच्या पूजेत जमिनीवर साखरेचं वर्तुळ काढतात, पोम म्हणजे कोपालचा धूप रचतात, मेणबत्त्या मांडतात. पूर्वेला लाल, पश्चिमेला काळी, उत्तरेला पांढरी, दक्षिणेला पिवळी, मध्ये निळी आणि हिरवी. मग विस्तव लावून वीसही दिवसांना एक ते तेरा मोजत बोलवायचं. तीन-चार तास सहज जातात. मुख्य काम शब्दांचं आणि मोजणीचं. ढोल असलाच तर बाजूला, नसला तरी काही अडत नाही. आजकाल, विशेषतः ग्वातेमालातलं यादवी युद्ध संपवणाऱ्या १९९६ च्या शांतता करारानंतर जे उघड सोहळे होतात, त्यांत तुन, कासव, शंख आवर्जून वाजवतात. त्यात आपली ओळख जगापुढं मांडण्याचा भाग आहे आणि तो त्यांचा हक्कच आहे. पण ढोल वाजवून ध्यान लावणं, असा धडा मला तिथं कुणी दिला नाही.

मग ढोल करतो काय? तो सांगतो, की कुणीतरी येतंय. संत देवळातून निघाला, मानकरी घरातून निघाला, मयत निघाली. डोंगराळ गावांत यासाठी तुनपेक्षा दोन तोंडांचा कोहोम जास्त दिसतो. त्याच्या जोडीला शुल ही वेळूची बासरी किंवा चिरिमिया. चिरिमिया पहिल्यांदा ऐकली तेव्हा मी अक्षरशः वळून बघितलं, मला वाटलं देवळात सनई लागली. आणि हा निव्वळ भास नाही. चिरिमिया स्पॅनिशांनी आणली, स्पेनमध्ये ती अरबांकडून आलेल्या वाद्यांतून घडली, आणि आपली सनई त्याच दुहेरी पत्तीच्या वाद्यांच्या घराण्यातली. पहाटेच्या थंडीत दोन माणसं, एक सनईवाला आणि एक ढोलवाला, रिकाम्या रस्त्यानं संताच्या पुढं चाललेत. तुळजापूर काय आणि राबिनाल काय. (मारिम्बा मात्र आफ्रिकेतून आलेलं वाद्य. ग्वातेमालानं १९७८ साली त्याला राष्ट्रीय वाद्य केलं, माया गावांनी ते कधीच आपलंसं केलं होतं. जुन्या मारिम्ब्याच्या भोपळ्यांना डुकराच्या आतड्याचा पापुद्रा मेणानं चिकटवलेला असतो आणि त्याची जी झणझण येते ती जवारीसारखी. त्यावर वेगळं लिहावं लागेल.)

ढोल आणि शिकवण एकत्र बघायची असेल तर राबिनालला जा. बाहा वेरापास जिल्ह्यातलं आची माया लोकांचं हे गाव. दर वर्षी २५ जानेवारीला, सेंट पॉलच्या दिवशी, तिथं राबिनाल आची होतं. लोकांच्या तोंडी त्याचं नाव शाहोह तुन, तुनचा नाच. पंधराव्या शतकातलं हे नाट्य. १८५६ मध्ये ब्रासर द बूरबूर या फ्रेंच पाद्र्यानं बार्तोलो सिस नावाच्या राबिनालकराकडून ते मिळवलं. युनेस्कोनं २००५ साली त्याला मान दिला. मधल्या काळात स्पॅनिश अधिकाऱ्यांनी तुनच्या नाचांवर पुन्हापुन्हा बंदी घातली, कारण त्यात नरबळीची आठवण आहे असं त्यांना वाटे. बंदी पुन्हापुन्हा घालावी लागली यातच काय ते आलं.

गोष्ट थोडक्यात: किचेंचा वीर राबिनालच्या मुलांना पळवायला येतो, पकडला जातो, काह्युबच्या गढीवर राजापुढं त्याचा न्याय होतो, आणि शेवटी त्याचा वध. वाद्यं तीनच. एक तुन, दोन कर्णे. मी आधी ऐकलं तेव्हा निराश झालो होतो, खरं सांगतो. एवढंसं वाजवायचं? पखवाजाच्या पोरालाही दहा मिनिटांत हाती बसेल. मग संवाद समजू लागले. राबिनाल आचीमध्ये कुणीही लगेच उत्तर देत नाही. समोरचा जे बोलला ते आधी जवळपास जसंच्या तसं परत म्हणायचं, 'असं तू म्हणालास आभाळापुढं, असं तू म्हणालास धरतीपुढं' अशा थाटात, आणि मगच आपलं सांगायचं. शत्रूचं बोलणंही आधी पाठीवर घ्यायचं. तुन त्या मध्ये येतो, बोलणं संपलं आणि चालणं सुरू झालं की. मरण्याआधी तो किचे वीर काय मागतो? पेय, वस्त्र, राजकन्येबरोबर एक नाच, गरुड आणि वाघांशी लढाईचा खेळ; आणि तेरा वेळा वीस दिवस, तेरा वेळा वीस रात्री, आपल्या डोंगरदऱ्यांचा निरोप घ्यायला. २६० दिवस. एक पूर्ण चोलकीह. ते नाचून पुरे करतात. ढोल चालू राहतो आणि माणूस आपल्या देशाला फेरी घालून मरायला परत येतो. पळून जात नाही. या जागी मला दर वेळी घसा दाटतो.

सरावाआधी डोंगरावरच्या वेद्यांवर जाऊन पूर्वजांची परवानगी मागतात, वादक-नर्तक त्या काळात व्रत पाळतात. वाद्य हातात येण्याच्या कितीतरी आधी हे सगळं सुरू झालेलं असतं.

माझी फजिती सांगतो. पहिल्या हिवाळ्यात, एका दुपारी, एका म्हाताऱ्या वादकाच्या अंगणात बसलो होतो. सरावाचा तुन समोर होता. मी त्या दोन सुरांवर तिट कत गदि गन बसवलं, चढत्या लयीत नेलं, तिहाई घेऊन समेवर पडलो. पोरं खूश. म्हातारबाबा, त्यांना सगळे तात म्हणत (किचे-आची भागात वडीलधाऱ्याला खरंच तात म्हणतात, बाईला नान), खूप हसले आणि म्हणाले, "कोय." माकड. मी ते कौतुक समजलो. संध्याकाळी त्यांच्या सुनेनं स्पॅनिशमध्ये पूर्ण गोष्ट सांगितली तेव्हा कान लाल झाले.

ती गोष्ट पोपोल वुहमधली. अठराव्या शतकाच्या सुरुवातीला चिचिकास्तेनांगोमध्ये हिमेनेस नावाच्या पाद्र्यानं ज्याची नक्कल उतरवून ठेवली तो किचे ग्रंथ. हुनबात्स आणि हुनचोवेन हे दोघे मोठे भाऊ: गाणारे, बासरीवाले, चितारी, सगळ्यात तरबेज आणि त्यामुळेच मत्सरी. धाकट्या जुळ्यांना ते छळत. जुळ्यांनी त्यांना पक्षी काढायच्या निमित्तानं झाडावर चढवलं, झाड वाढत गेलं, लंगोटाचे सोगे शेपट्या झाले, दोघे माकडं होऊन रानात गेले. आजी रडू लागली. जुळे म्हणाले, आम्ही त्यांना वाजवून परत बोलावतो, फक्त तू हसू नकोस. मग बासरी आणि ढोलावर 'हुनाहपूचं माकड' हे गाणं लावलं. माकडं नाचत आली, आजीला हसू आवरलं नाही, माकडं लाजून पळाली. पुन्हा वाजवलं, पुन्हा हसली. शेवटी ती आलीच नाहीत. पण वादक आणि गाणारे पुढं त्यांचीच आराधना करू लागले.

बात्स म्हणजे माकड, आणि बात्स म्हणजे सूतही. ज्या दिवशी आहकीहांना दीक्षा मिळते तो दिवस या हुशार वादक भावांच्या नावाचा आहे. तेव्हा तातांनी मला दिलेली ती शिवी होती की आशीर्वाद, हे अजून नक्की नाही. त्या हिवाळ्यात मला परत काठ्या मिळाल्या नाहीत एवढं खरं. पुढच्या वर्षी मिळाल्या, तेही आधी दोन आठवडे तुन अंगणातून देवळापर्यंत पाठीवर नेल्यावर.

शिबिराबद्दल मी एवढा चिडून का लिहितोय, त्याचंही कारण आहे. राबिनालच्या परिसरात १३ मार्च १९८२ ला रिओ नेग्रो गावच्या बायका-मुलांना मारलं, १८ जुलै १९८२ ला प्लान दे सान्चेसमध्ये अडीचशेहून जास्त माणसं मारली. १९९९ च्या सत्यशोधन अहवालानुसार ग्वातेमालातल्या त्या छत्तीस वर्षांच्या यादवी युद्धात दोन लाखांवर माणसं मेली किंवा नाहीशी झाली आणि ओळख पटलेल्यांत ८३ टक्के माया होते. आणि ते सगळं जुनं झालं असंही नाही. जून २०२० मध्ये ग्वातेमालाच्याच पेतेन भागात दोमिंगो चोक चे या केकची माया वैदूला, रानातल्या औषधींच्या जाणकाराला, चेटूक केल्याचा आरोप ठेवून जमावानं जिवंत जाळलं. जे ज्ञान बाळगल्याबद्दल तिथं माणूस जळतो त्याचं प्रमाणपत्र इथं रविवारी दुपारच्या जेवणानंतर वाटतात, हे मला गिळता येत नाही. पैशाबद्दल तक्रार नाही. आहकीहही दक्षिणा घेतात, पूजेचं सामान आपल्यालाच आणावं लागतं, आणि त्यात गैर काही नाही.

'माया जन्मदिवस' या प्रकाराची एक सोपी परीक्षा देतो. शिबिरवाल्यांना विचारा, २१ डिसेंबर २०१२ ला चोलकीहचा कोणता दिवस होता? डोंगरातल्या अखंड चालत आलेल्या मोजणीनुसार उत्तर आहे ४ आहपू. दुसरं काही सांगितलं, तर त्यांच्याकडे विसाव्या शतकात अमेरिकेत तयार झालेलं 'तेरा चंद्रांचं' पंचांग आहे. त्यात २९ फेब्रुवारी मोजतच नाहीत, त्यामुळे ते दर लीप वर्षी आणखी एक दिवस सरकतं. खरा दिवस तुम्हाला घरी काढता येईल. १२ डिसेंबर २०१२ हा आठ बात्स होता. तिथून २६०-२६० मोजत पुढं किंवा मागं या, एकही दिवस न गाळता. (आणि २०१२ ला जग बुडणार हे त्या डोंगरांत कुणी म्हणत नव्हतं. ५१२५ वर्षांचा एक मोठा फेरा संपला, दुसरा लागला.)

शिकायचंच असेल तर आधी स्पॅनिश. पुण्यात शिकता येतं, बोलण्यापुरतं वर्षभरात येईल. मग ग्वातेमालात आन्तिग्वा किंवा केत्साल्तेनांगोला शाळा भरपूर, केत्साल्तेनांगोत किचेचे वर्गही मिळतात. जानेवारीच्या तिसऱ्या आठवड्यात राबिनालला पोचा. ढोल वाजवतो हे पहिल्या दिवशी सांगू नका. मेणबत्त्या घेऊन जा, फोटोआधी विचारा, ध्वनिमुद्रणाआधी तर नक्कीच. कोफ्रादियाच्या घरी, म्हणजे त्या वर्षी संत ज्यांच्याकडे आहे तिथं, पाणी भरायला, बाकं उचलायला माणूस लागतोच. तुम्हाला मिरवणुकीत चालत वाजवायची सवय आहे, तासन्‌तास उभं राहता येतं, आणि पथकात ढोल स्वतः वाहिलाय. हे तिथं हाताच्या तयारीपेक्षा जास्त कामाला येईल. एक सवय मात्र इथंच सोडा: मोठ्यानं वाजवायची.

तोवर घरी तुनचा आवाज अंगवळणी पाडायचा असेल तर चिचिकास्तेनांगोच्या गुरुवार-रविवारच्या बाजारातला शोभेचा तुन मागवू नका, बहुतेकांच्या जिभा जाड आणि मुक्या असतात. ओळखीच्या सुताराकडून करून घ्या. हात-दीड हात लांबीचा कठीण लाकडाचा ओंडका, खालून कोरून पोकळ करायचा, भिंती बोटभर जाड. वरच्या फटी एकदम पूर्ण कापू नका; फट जितकी वाढेल तितकी जीभ लांब होते आणि सूर उतरतो. पुढचं काम पटाशीनं आतल्या बाजूनं. जीभ मुळाशी तासली की सूर उतरतो, टोकाशी तासली की चढतो, तेव्हा दोन्हीकडे थोडी जागा राखून ठेवा. दोन जिभांत नेमकं कोणतं अंतर हवं याचा नियम नाही, प्रत्येक तुनचं वेगळं असतं. काठ्यांना सायकलच्या ट्यूबची पट्टी घट्ट गुंडाळली तरी चालते. आणि ओंडका ताजा वापरू नका. माझा पहिला दुसऱ्याच महिन्यात उभा चिरला. सावलीत ठेवा, वारा लागू द्या, नऊ-दहा महिने तरी वाळू द्या.